इको मेजर घेतलंय? मग फॉर्म भरायच्या आधी एक कोरा कागद घ्या

इकॉनॉमिक्स मेजर घेतलेल्या पोरापोरींचे मला जे मेसेज येतात ते सगळे एकाच वेळी येतात, म्हणजे कॉलेजच्या पोर्टलवर मायनर (दुय्यम विषय) आणि ओई (ओपन इलेक्टिव्ह, मोकळ्या निवडीचा विषय) भरायची शेवटची तारीख असते त्या दिवशी संध्याकाळी. "ताई इको मेजर आहे, मायनर काय घेऊ, सायको की पॉलिटिक्स, साडेसातला साइट बंद होतेय." आता यावर मी काय कपाळ सांगणार? मी तेव्हा डोंबिवली फास्टमधे कुणाच्या तरी बॅगेत तोंड खुपसून उभी असते. तरी उत्तर देते, कारण या पोरांना दुसरं कोणी उत्तर देणार नाहीये हे मला पक्कं माहितीये. म्हणून एकदाच नीट लिहितेय, लांबलचक होईल, आधीच सांगते.

मी जुन्या पॅटर्नची. आमच्या वेळी एफवायला तीन विषय, मग हळूहळू गळती, टीवायला सहा पेपर आणि सहाही इकोचे घेतले की तुम्ही इकोवाले. निवडायला फार काही नव्हतंच, त्यामुळे चुकायलाही फार वाव नव्हता. आता तसं नाहीये. २०२३-२४ ला ऑटोनॉमस कॉलेजांत आणि २०२४-२५ पासून मुंबई युनिव्हर्सिटीच्या बाकीच्या कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरण आलं आणि एका सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिटची एक लांबच लांब यादी हातात पडायला लागली. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. माझी आतेबहीण पहिल्यांदा ती यादी घेऊन आली तेव्हा मला वाटलं कसल्या तरी सरकारी खात्यांची नावं आहेत.

गंमत अशी की पोर्टलवर या सगळ्या गोष्टी एकाच आकाराच्या चौकटीत दिसतात, त्यामुळे पोरांना वाटतं सगळ्यांचं वजन सारखं. तसं अजिबात नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्ही निवडतच नाही, कॉलेज ठरवतं, भाषेचा एईसी आला, पर्यावरण किंवा संविधानाचा व्हीईसी आला, तो नीट करायचा, मार्क घ्यायचे, विषय संपला, त्यावर रात्र जागू नका. तुमच्या हातात खरं तर दोनच जागा आहेत, मायनर आणि ओई, आणि थोडीफार एसईसी, म्हणजे कौशल्याचा कोर्स. मायनर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या सेमिस्टरपासून लागतो आणि मग डिग्री संपेपर्यंत मानगुटीवर असतो. ओईचा नियम असा की तो तुमच्या मेजरच्या फॅकल्टीबाहेरचा घ्यायचा, म्हणजे आर्ट्सवाल्यांनी सायन्स किंवा कॉमर्सकडचा. आणि ओईला सगळे लोकलच्या चौथ्या सीटसारखं वागवतात, टेकायला मिळालं तर टेकायचं नाहीतर उभं राहायचं. "ओई काय गं, सोपा कुठला ते सांग." फिल्म अ‍ॅप्रिसिएशन सोपा, फोटोग्राफी सोपा, न्यूट्रिशनमधे मार्क सुटतात. घ्या की, मी कोण नाही म्हणणारी. पण नियमाने तुम्हाला सायन्सच्या वर्गात बसायचं तिकीट फुकटात दिलंय आणि तुम्ही त्यावर डाएट चार्ट बनवताय, हे बघून मला त्रास होतो.

कारण मला या सगळ्यात एकच गोष्ट सांगायचीये आणि ती गणिताची आहे. इको मेजरचं प्लॅनिंग म्हणजे नव्वद टक्के गणिताचं प्लॅनिंग, बाकी दहा टक्के तुमची आवड.

हे आर्ट्सच्या पोरांना कोणी सांगत नाही, कारण बीएचं इको गणिताशिवाय पास होता येतं, चांगल्या मार्कांनी होता येतं. एफवायला इंडिफरन्स कर्व्ह काढायचा, बजेट लाइन काढायची, दोन्ही जिथे टेकतात तिथे टिंब द्यायचं आणि खाली चार ओळी लिहायच्या. झाला आठ मार्कांचा प्रश्न. तेच टिंब पुढे मास्टर्सला लॅग्रांज मल्टिप्लायर बनून समोर येतं आणि मग ज्यांनी बारावीनंतर डेरिव्हेटिव्ह बघितलेलाच नाही त्यांचा चेहरा बघवत नाही. आपल्याकडे तर अर्धी पब्लिक अकरावीलाच सुटलेली असते, कॉमर्सला मॅथ्स की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) म्हटल्यावर डोळे मिटून एसपी, आर्ट्सला तर मॅथ्स ठेवणारी ज्युनिअर कॉलेजं शोधावी लागतात. आणि मग हीच पोरं टीवायला येऊन विचारतात की ताई आयजीआयडीआरला कसं जायचं.

आता आयजीआयडीआर म्हणजे इंदिरा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट रिसर्च, आपल्या गोरेगावातलं, फिल्म सिटी रोडवरचं, रिझर्व्ह बँकेने १९८७ मधे काढलेलं. मुंबईच्या पोरांना घरून लोकलने जाता येईल अशा अंतरावर देशातली अव्वल इको इन्स्टिट्यूट आहे आणि त्यातल्या कितीतरी जणांना ती टीवायच्या दिवाळीत कळते. तिथली एन्ट्रन्स गणित मागते. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची तर मागतेच, आयआयटीवाल्यांच्या जॅममधे (मास्टर्सची एन्ट्रन्स) २०२१ पासून इकॉनॉमिक्सचा पेपर आला त्यातही आहे. पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट १९३० पासूनचं, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स सीयूईटी या सामायिक एन्ट्रन्समधून, आपलं कलिनाचं डिपार्टमेंट, ज्याचं नाव आता मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी झालंय. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी पण गणित आणि स्टॅट कमी-जास्त सगळीकडे आहेच. शिवाय काही ठिकाणी पात्रतेतच बारावीचं गणित विचारतात, ते आत्ता, एफवायला असतानाच त्यांच्या साइटवर जाऊन वाचा. टीवायला वाचून उपयोग नाही.

आणि घाबरायचं कारण नाही हो, हे इंजिनीअरिंगचं एम-थ्री नाहीये. डेरिव्हेटिव्ह, पार्शल डेरिव्हेटिव्ह, मॅक्झिमम-मिनिमम, मॅट्रिक्स, मग प्रोबॅबिलिटी, डिस्ट्रिब्युशन, हायपोथिसिस टेस्टिंग, रिग्रेशन. एवढंच. तीन वर्षांत विभागलं तर कुणालाही जमेल, टीवायच्या शेवटच्या दोन महिन्यांत कोंबलं तर कुणालाच जमणार नाही. तसंही दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टनला गणिताचेच प्राध्यापक होते, देशातून पैसा कसा बाहेर जातोय याचा हिशोब त्यांनी मांडला तो नुसत्या तळमळीवर नाही मांडला.

कसं करायचं ते कॉलेजवर अवलंबून आहे. तुमच्या कॉलेजात सायन्स असेल तर मायनरला स्टॅट किंवा मॅथ्स मिळतंय का ते आधी विचारा. बऱ्याचदा कागदावर मिळतं आणि टाइमटेबलवर मिळत नाही, म्हणजे आर्ट्सची लेक्चर सकाळी सात-साडेसातपासून आणि सायन्सवाल्यांची प्रॅक्टिकल धरून दुपारपर्यंत, दोघांचा स्लॉट एकमेकांवर बसतो. ही गोष्ट पोर्टल सांगत नाही, ती नोटिस बोर्डावरच्या दोन टाइमटेबलचे फोटो काढून शेजारी शेजारी ठेवले की दिसते. मायनर नाही जमला तर ओई. सायन्सच नाही कॉलेजात, नुसतं आर्ट्स-कॉमर्स आहे, तर कॉमर्सकडचा बिझनेस स्टॅट किंवा मॅथ्सचा ओई शोधा. तोही नाही तर स्वयम, म्हणजे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल. जानेवारी आणि जुलैला सेशन सुरू होतात, शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेची फी भरून सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची. यूजीसीच्या नियमाप्रमाणे सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे ऑनलाइन घेता येतात, पण, आणि हा पण मोठा आहे, तुमच्या कॉलेजने तो कोर्स मान्य केलेला असायला हवा. कोर्स आधी करून मग कॉलेजात जाऊन "मॅडम हे धरा ना" म्हणाल तर मॅडम धरणार नाहीत. आधी लेखी विचारा, मग नाव घाला. आणि क्रेडिट नाही मिळालं तरी शिका, रिग्रेशन काही तुमची मार्कशीट बघून येत नाही.

अर्थात ज्यांना इकॉनॉमिस्ट व्हायचंच नाहीये त्यांनी माझं एवढं मनावर घेऊ नका. एमपीएससी-यूपीएससी डोक्यात असेल तर पॉलिटिक्स किंवा हिस्टरीचा मायनर मस्त, पुढे लॉ करायचंय, पत्रकारिता करायचीये, तरी मस्त. सायकोचंही तसंच, आवडतं म्हणून घेतलं तर उत्तम, फक्त "बिहेविअरल इकॉनॉमिक्ससाठी घेतलं" हे कारण नव्वद टक्के लोक विषय घेतल्यानंतर शोधतात. पण रिझर्व्ह बँकेच्या रिसर्च डिपार्टमेंटची ग्रेड बी किंवा इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस असं काही तुम्ही मोठ्याने बोलत असाल तर दोन्हीला इकॉनॉमिक्समधली पोस्ट ग्रॅज्युएट डिग्री लागते, आणि तिथपर्यंतचा रस्ता परत गणितातूनच जातो.

तीन वर्षं की चार हा प्रश्नही आता सारखा येतो. तीन वर्षांनी नेहमीची डिग्री, चौथं केलं तर ऑनर्स, आणि पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के असतील तर ऑनर्स विथ रिसर्च. चार करून मास्टर्स एका वर्षाचं, तीन करून दोन वर्षांचं, म्हणजे बेरीज तीच. माझं मत विचाराल तर चौथं वर्ष त्याच कॉलेजात कोण शिकवणार आहे ते बघून ठरवा. डिपार्टमेंटला दोन माणसं आणि त्यातलं एक तासिका तत्त्वावर, अशा ठिकाणी रिसर्चचं वर्ष कसलं होणार. तीन करून चांगल्या ठिकाणी मास्टर्सला निघा.

आता सल्ला कोण देणार हा मूळ मुद्दा. कागदोपत्री तर सगळ्या कॉलेजांत मेंटर-मेंटी स्कीम आहे. कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकला दाखवायला लागते. एका शिक्षकाच्या वाट्याला एवढी पोरं येतात की त्यांची नावं लक्षात राहिली तरी खूप झालं, वर्षातून एकदा कधीतरी ऑडिटोरियममधे सगळ्यांना बसवतात, एक फॉर्म फिरतो, त्यात स्ट्रेंग्थ, वीकनेस, एम इन लाइफ, सही, आणि सगळ्यांचा ग्रुप फोटो. माझ्या कॉलेजात मी माझ्या मेंटरना तो फोटो सोडून कधी भेटलेच नाही. शिक्षकांना दोष नाही देत, त्यांच्या डोक्यावर पेपर तपासणी, इंटर्नलचे मार्क अपलोड, निवडणुकीची ड्युटी, सगळं असतं. पण याचा अर्थ असा की सल्ला तुमच्याकडे चालत येणार नाही, तो स्टाफरूममधे जाऊन काढून आणावा लागतो, आणि रिकाम्या हाताने गेलात तर मिळत नाही.

आतेबहिणीला मी हेच करायला लावलं. एक ए-फोर कागद आडवा, सहा उभे रकाने, सहा सेमिस्टर. प्रत्येकात कॉलेजच्या सिलॅबसमधून पेन्सिलीने नावं. मायक्रो कुठे, मॅक्रो कुठे, स्टॅट कुठे, फील्ड प्रोजेक्ट कुठे, ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे इंटर्नशिप) कुठे. जिथे चॉइस आहे तिथे प्रश्नचिन्ह. आणि खाली एक ओळ, यानंतर काय करायचंय. तिने लिहिलं: "१. आयजीआयडीआर २. कलिना ३. माहीत नाही." तिसरं खोडायला निघाली होती, मी म्हटलं राहू दे.

तो कागद घेऊन ती स्टाफरूममधे गेली, तर इकोच्या मॅडम डबा खात होत्या. पोरगी दारात उभी. "मॅडम, दोन मिनिटं होती." "बोल." आणि ती काहीच न बोलता कागद पुढे करते, कारण तिची बोबडी वळलेली. मॅडमनी डावा हात पुसला, कागद घेतला, वाचला, आणि मग ड्रॉवरमधून स्वतःचं लाल पेन काढलं. तिसऱ्या सेमिस्टरभोवती गोल केला. "हे बघ, मायक्रोचा पुढचा पेपर, स्टॅट आणि फील्ड प्रोजेक्ट तिन्ही इथे एकत्र आलेत, इंटर्नल एकाच आठवड्यात पडतील, तू मरशील. हा मॅथ्सचा ओई पहिल्या सेमलाच उचल, तेव्हा तुला वेळ आहे." मग खालची ओळ वाचली. "हे तिसरं बरं लिहिलंस. तुला आकडे आवडतात की वाद घालायला आवडतं?" ही म्हणाली दोन्ही. "मग मायनर स्टॅट घे, आणि डिबेटला नाव दे. वाद घालायला मायनर लागत नाही."

डबा संपायच्या आत हे सगळं झालं. हीच पोरगी नुसती जाऊन "मॅडम काय घेऊ" म्हणाली असती तर उत्तर आलं असतं, "तुला जे आवडतं ते घे बाळा", आणि त्यात मॅडमचीही चूक नाही, माणूस समोर काहीच नसताना काय बोलणार. कागद असला की त्यांना खोडता येतं. शिक्षकांना खोडायला फार आवडतं, हे तुम्ही वापरून घ्या.

एकाच माणसाचं ऐकायचं असंही नाही. बाबासाहेब एल्फिन्स्टनमधून १९१२ ला बीए झाले ते इकॉनॉमिक्स आणि पॉलिटिक्स घेऊनच, मग कोलंबियाला सेलिग्मन, लंडनला एडविन कॅनन, असे दोन वेगळ्या घडणीचे गाइड. रुपयावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मधे पुस्तक म्हणून आला त्याला प्रस्तावना कॅननचीच आहे, आणि त्यात कॅननने सरळ लिहिलंय की यातलं काही मला पटत नाही. तरी प्रस्तावना लिहिली. असा गाइड मिळाला तर सोडू नका. कोलंबियाला त्यांनी इकॉनॉमिक्सच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र असे कोर्सही केले होते, त्यामुळे "इकोवाल्याने बाकीचं कशाला वाचायचं" म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

शिक्षकांशिवाय दोन माणसं महत्त्वाची. एक, दोन वर्षं पुढे असलेला सीनिअर, दहा वर्षं पुढे असलेला नको, त्याचा पॅटर्नच वेगळा होता (हो, मी पण त्यातच येते, म्हणून तर आतेबहिणीकडून सगळं परत शिकले). त्याला "करिअर गायडन्स द्या" असं लिंक्डइनवर लिहू नका, कोणी उत्तर देत नाही. एकच प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर दोन ओळींत देता येईल: एन्ट्रन्सला स्टॅट कुठपर्यंत लागलं? कुठला ओई प्रत्यक्षात शिकवतात? दोन, ऑफिसातल्या खिडकीमागचे क्लार्क. हसू नका. एटीकेटीचा नियम, मायनर बदलायची मुदत, दुसऱ्या कॉलेजात ट्रान्सफर घेतली तर कुठले क्रेडिट चालतील, हे प्रोफेसरांना अंदाजे आणि क्लार्कना नक्की माहीत असतं. फक्त लंचच्या आधी दहा मिनिटं जाऊ नका, आणि "काका" म्हणा.

ओजेटीबद्दल थोडं. चार क्रेडिट म्हणजे १२० तास, हे तुम्ही कुठे घालवता ते महत्त्वाचं. ओळखीच्या सीएकडून किंवा काकांच्या दुकानातून सर्टिफिकेट आणणारे ढीगभर आहेत, मी पोलीस नाही, पण मुंबईत राहून हे करणं म्हणजे वाईट वाटतं. एनजीओ आहेत, रिसर्च करणाऱ्या संस्था आहेत, पेपरांच्या बिझनेस डेस्क आहेत, ब्रोकिंग हाऊस आहेत. मेल करताना नुसता बायोडेटा पाठवू नका, एक पानभर काम जोडा. रिझर्व्ह बँकेच्या डेटाबेसमधून महागाईचा किंवा क्रेडिटचा डेटा फुकट उतरवता येतो, एक्सेलमधे किंवा आर या सॉफ्टवेअरमधे त्याचे दोन आलेख काढा आणि खाली काय दिसतंय ते सहा वाक्यांत लिहा. एसईसीमधे एक्सेल किंवा डेटा अ‍ॅनालिसिस असेल तर तिथूनच हे तयार होतं, वेगळी मेहनत नाही.

आणि जाता जाता, अपार आयडी, म्हणजे ती अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सची भानगड. डिजिलॉकरवर जाऊन आपलं नाव बघा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं, आईचं नाव, आणि आधारवर काहीतरी तिसरंच, कुणाचं मधलं नाव गायब, कुणाच्या स्पेलिंगमधे एक ए जास्त. नाव जुळलं नाही की क्रेडिट चढत नाहीत, आणि ते कळतं सहाव्या सेमिस्टरला, जेव्हा आधार सेंटरची रांग आणि अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख एकाच आठवड्यात येते. हे काम एफवायच्या गणपतीच्या सुट्टीत उरकून टाका, मोदक खाऊन झाले की.